सायलेंट ई: मराठी वाचणाऱ्या मुलाला कसा शिकवावा

के-आय-टी-ई हा शब्द दुसरीतल्या मुलापुढे ठेवा. ‘काइट’ऐवजी बहुतेक मुले ‘किटे’ वाचतात, कारण शेवटचा न उच्चारायचा ई, म्हणजेच सायलेंट ई, त्यांना ठाऊक नसतो. एम-ए-डी-ई चा ‘मॅडे’ होतो, एच-ओ-एम-ई चा ‘होमे’. घरचे वैतागतात, पण मूल इथे मराठी वाचनाची चांगली सवयच वापरत असते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी जे दिसेल ते उच्चारायचे असते. त्यात भर म्हणजे नेहा, गणेश ही नावे इंग्रजीत लिहिताना ‘ए’ या आवाजासाठी ई हे अक्षर वापरलेले त्याने पाहिलेले असते. म्हणून शेवटचा ई दिसला की ते ‘टे’ म्हणून मोकळे होते.

हीच सवय हाताशी धरून शिकवता येते. पाटीवर ‘कि’ काढा. ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी लिहितो, उच्चारतो मात्र क च्या नंतर. खूण एका जागी, आवाज दुसऱ्या जागी, हे मराठी मूल पहिलीतच शिकलेले असते. मग शेजारी के-आय-टी-ई लिहून सांगा, की हा ई शेवटी उभा आहे, स्वतः बोलत नाही, पण मागच्या आय चा आवाज बदलतो. मुलाला हे चटकन पटते.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. कॅट, पिन, हॉट, कट असे तीन अक्षरी शब्द न अडखळता वाचता येतात का? आणि ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरांची नावे पक्की आहेत का? यातले काही कच्चे असेल तर सायलेंट ई पुढे ढकला. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे ‘वर्गात झालंय’ असे ऐकायला मिळते. वर्गात झाले आणि मुलाला आले, यात फरक असतो.

आता जुनी लग्नपत्रिका घ्या आणि तिच्या कोऱ्या बाजूच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. पट्टीवर टी-ए-पी-ई हा शब्द स्मॉल लिपीत लिहा आणि ई चा तुकडा मागे दुमडा. मूल ‘टॅप’ वाचेल. घडी उघडा आणि तुम्ही ‘टेप’ म्हणा. नियम सांगू नका. पुन्हा दुमडा, पुन्हा उघडा. टॅप म्हणजे नळ, टेप म्हणजे शिंप्याच्या गळ्यातली, हे बोलून घ्या. पुस्तकांत बहुधा कॅप-केप ही जोडी पहिली असते, पण केप नावाचा झगा आपल्याकडच्या किती मुलांनी पाहिलाय? ओळखीचे शब्द घ्या. किट-काइट घेताना येवल्याची पतंगांची संक्रांत आठवा. नॉट-नोट साठी नाशिक रोडचा प्रेस आहे, जिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. प्लॅन-प्लेन साठी ओझरचा विमानांचा कारखाना आहे. अर्थ माहीत असला की चुकीचा उच्चार मुलाच्या स्वतःच्याच कानाला खटकतो.

चार-पाच जोड्या झाल्या की विचारा, “कोणाचा आवाज बदलला?” थोडे थांबा, उत्तर त्यालाच शोधू द्या. ई आला की मधला स्वर स्वतःचे नाव सांगतो, हे मुलाच्या तोंडून आले की ते विसरत नाही.

क्रम असा ठेवा: ए आणि आय आधी, मग ओ, शेवटी यू. यू अवघड, कारण त्याचे दोन आवाज होतात. क्यूब, ट्यूब मध्ये ‘यू’, पण रूल, फ्लूट, जून मध्ये नुसता ‘ऊ’. मध्येही ई आणि शेवटीही ई असलेले थीम सारखे शब्द थोडेच आहेत, ते नंतर.

वाचताना मूल डावीकडून एकेक अक्षर जोडत जाते आणि ई दिसेपर्यंत चुकीचा स्वर उच्चारून बसते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक शब्दाआधी ‘शेवट बघ’ म्हणा. ई असेल तर पेन्सिलीने त्यावर बारीक तिरकी रेघ मारायची आणि तिथून मागच्या स्वरापर्यंत कमान काढायची. कमानीखाली साधारणपणे एकच व्यंजन असते. डान्स, फेन्स मध्ये दोन असतात, तिथे ई चा परिणाम स्वरापर्यंत पोचत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देणे. मूल खालचे मराठी वाचते आणि वरच्या ई कडे ढुंकूनही बघत नाही.

सरावासाठी रस्त्यावरच्या पाट्यांसारखे साधन नाही. नाशिकच्या गंगापूर रोडने जाताना केक, होम, बाइक, लाइफ, गेट शोधायला सांगा. द्राक्षांच्या हंगामात ग्रेप आहेच. मग कॉलेज रोड लागेल आणि मूल विचारेल, इथे ई काय करतो? इथे तो शेजारच्या जी ला ‘ज’ म्हणायला लावतो. ऑफिस मध्ये तोच सी ला ‘स’ करतो. हॅव, गिव्ह, लव्ह यांचे कारण वेगळे: इंग्रजी शब्द सहसा व्ही वर संपवत नाहीत, म्हणून मागे ई लावलेला असतो. कम, सम, डन हे शब्द तर सरळ पाठ करून घ्यावेत. अपवाद लपवू नका, पण पहिल्या आठवड्यात स्वतःहून काढूही नका.

खरेच आले का, हे बघायला निरर्थक शब्द द्या. बी-ए-एफ-ई, झेड-आय-टी-ई. ‘बेफ’, ‘झाइट’ वाचले तर मूल पाठांतरावर नाही, नियमावर वाचतेय. श्रुतलेखन त्यानंतर सुरू करा, कारण वाचता आलेला ई लिहिताना गळतोच. पाच शब्द पुरेत, ई असलेले आणि नसलेले मिसळून. टेप ऐकून टी-ए-पी लिहिले, तर लाल रेघ मारण्याऐवजी त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. ‘टॅप’ ऐकू आले की ते स्वतःच ई जोडेल.