मोटरसायकलचा टायर घरी कसा बदलावा

पहिल्यांदा टायर बदलायला बसलेला माणूस सगळी भिस्त हाताच्या जोरावर ठेवतो. लिव्हर दाबून तळहात दुखायला लागतात, टायर मात्र तिथेच. मीही असाच शिकलो, म्हणून आधी रिम समजून घ्या. रिमच्या दोन कडांच्या मध्ये एक खोलगट पन्हळ असते. टायरची आतली कड, म्हणजे बीड, पोलादी तारांची असते आणि ती अजिबात ताणली जात नाही. त्यामुळे एका बाजूची बीड रिमवरून बाहेर काढायची, तर समोरच्या बाजूची बीड त्या पन्हळीत उतरलेली पाहिजे. तेवढीच ढील मिळते आणि तेवढी पुरते. काम करताना जोर वाढवावा लागतोय असं वाटलं की थांबा आणि समोरची बाजू गुडघ्याने दाबून पुन्हा पन्हळीत ढकला.

नवा टायर जुन्याच मापाचा घ्या. 100/90-17 म्हणजे रुंदी 100 मिमी, उंची त्या रुंदीच्या 90 टक्के आणि रिम 17 इंची. बाजूवर छापलेले शेवटचे चार आकडेही वाचा: 2324 म्हणजे 2024 सालच्या 23व्या आठवड्यातला टायर. ट्यूबवाली गाडी असेल तर ट्यूबही नवीच घाला. टायर तासभर उन्हात ठेवला की नरम पडतो आणि निम्मं काम सोपं होतं.

हत्यारं फार लागत नाहीत. योग्य मापाचे पाने, गुळगुळीत टोकाचे तीन टायर लिव्हर, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, साबणाचं दाट पाणी, पंप आणि प्रेशर गेज. लिव्हरऐवजी स्क्रू ड्रायव्हर कधीही वापरू नका, त्याची धार ट्यूब फाडते. अलॉय रिम असेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीचे तुकडे लिव्हरखाली ठेवा, ओरखडे पडत नाहीत.

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि ती डगमगत नाही ना, हे हलवून बघा. मागचं चाक काढताना ब्रेकचा रॉड आणि टॉर्क लिंक (ब्रेकची पाटी चाकाबरोबर फिरू न देणारी पट्टी) सोडवा, अ‍ॅक्सलचा नट ढिला करा, चाक पुढे सरकवून चेन स्प्रॉकेटवरून उतरवा आणि मग अ‍ॅक्सल ओढा. प्रत्येक स्पेसर, म्हणजे चाकाच्या दांड्यावरची लहान नळी, कोणत्या बाजूचा होता याचा फोटो काढून ठेवा. डिस्क ब्रेक असेल तर चाक डिस्कवर आडवं ठेवू नका, आणि चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका.

पिन काढून सगळी हवा सोडा. बीड रिमला चिकटलेली असते. पायाने सुटली नाही तर मोठ्या सी-क्लॅम्पने टायरची बाजू आवळून ती सोडवा, दोन्हीकडून. साबणाचं पाणी लावा आणि व्हॉल्व्हपाशी सुरुवात करून एका वेळी दोन-तीन इंचच उचला. एक बाजू निघाली की ट्यूब काढा, मग दुसरी बाजू.

रिम आतून पुसा, गंज असेल तर घासा. स्पोकच्या टोकांवरची रबरी पट्टी जागेवर आहे ना, हे बघा. बेअरिंग बोटाने फिरवून पाहायची हीच वेळ.

नव्या टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. हे आधी बघा, कारण चुकलं तर सगळं पुन्हा. अनेक टायरांवर हलक्या जागेची खूण म्हणून रंगीत ठिपका असतो, तो व्हॉल्व्हपाशी ठेवा. एक बीड चढवा. ट्यूबमध्ये जेमतेम आकार येईल इतकी हवा भरून ती आत बसवा. रिकामी ट्यूब लिव्हरखाली चिमटते. दुसरी बीड व्हॉल्व्हच्या समोरून चढवायला घ्या आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. तिथे ट्यूबचा जाड भाग पन्हळीत आडवा येतो, म्हणून ती जागा शेवटी. तिथला व्हॉल्व्ह थोडा आत ढकला, म्हणजे ट्यूब बीडखाली अडकत नाही. शेवटचे चार इंच सगळ्यात धोक्याचे. घाईने लिव्हर खोल घुसवून मी एकदा नवीकोरी ट्यूब तिथेच फाडली होती.

हवा भरा, सोडा, पुन्हा भरा, सुरकुत्या निघतात. बीड बसताना फट्ट आवाज येतो. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. दिसत नसेल तर हवा सोडून साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका.

चाक बसवताना चेनचा ताण आणि चेन ताणायच्या जागेवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवा, अ‍ॅक्सलचा नट गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कनेच, म्हणजे तिथे दिलेल्या जोरानेच, आवळा, नट सुटू न देणारी स्प्लिट पिन नवी घाला. निघण्याआधी ब्रेक घट्ट लागेपर्यंत दाबा. नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले 150 किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका आणि ओल्या रस्त्यावर जपून चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना हवा मोजा. ती बरीच उतरली असेल तर बहुधा ट्यूब चिमटली आहे, चाक पुन्हा खोला.