पियानोची रचना वुडविंड क्विंटेटसाठी बसवताना या चुका टाळा

फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून या पाच वाद्यांच्या संचाला वुडविंड क्विंटेट म्हणतात. हॉर्न हे खरे तर पितळी वाद्य आहे, पण या संचात ते पहिल्यापासून हक्काने बसलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अंतोनिन रायखा याने पॅरिसमध्ये या संचासाठी २४ क्विंटेट लिहिले आणि फ्रान्झ डान्झीने त्यात ९ रचनांची भर घातली. मात्र मोझार्ट, बेथोव्हन किंवा ब्राम्स यांच्यापैकी कोणीही नेमक्या या पाच वाद्यांसाठी पूर्ण रचना मागे ठेवलेली नाही. त्यामुळे त्यांचे संगीत वाजवायचे असेल, तर दुसऱ्या वाद्यांसाठी लिहिलेली रचना या संचावर बसवावी लागते, आणि नवख्या अरेंजरच्या, म्हणजे अशी रचना बसवणाऱ्याच्या, बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

उदाहरणासाठी बेथोव्हनच्या १७९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पातेतिक’ या पियानो सोनाटाचा दुसरा भाग, म्हणजे ए-फ्लॅट मेजरमधला ‘अडाजिओ कान्ताबिले’ घेऊ. तो बहुतेकांच्या कानात असतो, कागदावर सोपा दिसतो, आणि म्हणूनच अनेकजण पहिला प्रयोग त्याच्यावरच करतात.

सर्वांत वरची ओळ म्हणजे फ्लूटची ओळ, असे मानू नका

पियानोच्या कागदावरचे स्वर उंचीनुसार मोजून वरून खाली फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, बसून असे वाटून टाकणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. ‘अडाजिओ’ची मुख्य धून मध्य सी या स्वरावर सुरू होते आणि लगेच त्याच्या खालच्या बी-फ्लॅटवर उतरते. साध्या फ्लूटचा सर्वांत खालचा स्वर मध्य सी हाच असतो आणि लांब शेपटीचा फ्लूट असला, तरी तो बी-नॅचरलपर्यंतच जातो, म्हणजे धुनेचा दुसराच स्वर फ्लूटपाशी नाही. ओबोपाशी तो बी-फ्लॅट आहे, पण तो त्याचा अगदी तळाचा स्वर आहे. दुहेरी रीडच्या, म्हणजे तोंडाशी वेताच्या दोन पातळ पट्ट्या असलेल्या, या वाद्याचे खालचे स्वर जाड आणि ठसठशीत निघतात, ते हळुवार वाजवणे कसलेल्या वादकालाही जड जाते. नेमक्या त्या जागी ‘पियानो’, म्हणजे हलका आवाज, अपेक्षित असतो.

अशा वेळी अनेक अरेंजर सगळी धून एक सप्तक वर उचलून फ्लूटला देतात. हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे. बेथोव्हनने पहिल्या आठ बारमध्ये (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक खंड) धून खालच्या सप्तकात ठेवली आणि नवव्या बारपासून तीच धून एक सप्तक वर, अधिक भरलेल्या साथीसह पुन्हा आणली. पहिल्यांदाच वरचे सप्तक खर्च केले, तर दुसऱ्या वेळेस उगवणारा उजेड आधीच संपलेला असतो.

मग ही धून द्यायची कोणाला? उमेदवार दोन आहेत. क्लॅरिनेटला खालचे स्वर उत्तम निघतात, परंतु तिसऱ्या बारमध्ये धून सी, ई-फ्लॅट, ए-फ्लॅट, बी-फ्लॅट अशी चढते. त्यातला ए-फ्लॅट हा बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या गळ्यातला, म्हणजे थोडा फिका पडणारा स्वर आहे, आणि तिथून पुढच्या बी-फ्लॅटवर जाताना वादकाला दोन पट्ट्यांमधली सांध ओलांडावी लागते, म्हणजे एका क्षणात जवळजवळ सगळी बोटे झाकावी लागतात. चांगला वादक ते बेमालूम करतो, पण सबंध धुनेतल्या सर्वांत नाजूक चढणीवर ही कसरत त्याच्या माथी का मारायची? हॉर्नला मात्र हीच धून खालच्या बी-फ्लॅटपासून वरच्या बी-फ्लॅटपर्यंत त्याच्या सर्वांत गोड पट्टीत येते. म्हणून माझा कौल हॉर्नला आहे.

आता उरलेली विभागणी जवळजवळ आपोआप होते. साथीचे सलग सेमिक्वेव्हर, म्हणजे पाव मात्रेचे स्वर, मध्य सीच्या खाली चालतात, ते क्लॅरिनेटने घ्यावेत, आणि तळाची ओळ बसूनने. पहिले आठ बार फ्लूट आणि ओबो गप्प बसतात. नव्या अरेंजरला ही शांतता सहन होत नाही, कारण पाच वादक समोर असताना दोघांना बसवून ठेवणे त्याला उधळपट्टी वाटते आणि मग तो त्यांच्यासाठी काहीतरी लांब सूर शोधून काढतो. तसे करू नये. नवव्या बारमध्ये ओबोने वरच्या सी स्वरावर धून उचलली की ती नव्याने ऐकू येते, ती केवळ आधीच्या आठ बारमधल्या त्या गैरहजेरीमुळेच.

याच नवव्या बारपासून फ्लूटला साथीतला एखादा खालचा आवाज देता येतो. फ्लूटची खालची पट्टी दुबळी असते, ही तक्रार धुनेच्या बाबतीत खरी आहे, परंतु ओबोच्या खाली हलके चालणाऱ्या साथीसाठी हाच दुबळेपणा उपयोगी पडतो.

श्वासाचा हिशेब न करणे

पियानोला श्वास लागत नाही. ‘अडाजिओ’ची साथ एका क्वेव्हरला, म्हणजे अर्ध्या मात्रेला, एक सेकंद या संथ गतीने धरली, तर पहिले आठ बार साधारण अर्धा मिनिट चालतात, आणि त्यात सेमिक्वेव्हरचा प्रवाह कुठेही थांबत नाही. तो जसाच्या तसा क्लॅरिनेटला उतरवून दिला, तर वादक मिळेल तिथे श्वास चोरतो, ती जागा दर तालमीला बदलते आणि प्रवाहाला भोक पडते. यावरचा उपाय अरेंजरनेच करायचा असतो. ज्या मात्रेवर बसूनचा नवा स्वर लागतो, त्या मात्रेवरचा साथीचा पहिला सेमिक्वेव्हर दोन-तीन ठरावीक जागी गाळावा. बसूनच्या स्वराने ती फट बुजते, ऐकणाऱ्याला काही कळत नाही, आणि वादकाला श्वासाची हक्काची जागा मिळते.

पाचही वाद्यांना श्वास सारखा लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. फ्लूटमध्ये बरीच हवा तोंडाशीच वाया जाते, म्हणून फ्लूटवादकाला वारंवार श्वास लागतो. ओबोची अडचण नेमकी उलट आहे. रीडच्या अरुंद फटीतून फार थोडी हवा आत जाते, त्यामुळे वादकाच्या छातीत वापरलेली हवा साठून राहते आणि नवी घेण्याआधी त्याला ती सोडावी लागते. म्हणजे त्याला दोन कामांपुरती विश्रांती हवी. हॉर्नवादकाचे ओठ थकतात, आणि शेवटच्या पानावरच्या उंच स्वराचे यश पहिल्या तीन पानांवर त्याला किती विश्रांती दिली यावर ठरते.

पेडल आणि स्लर तसेच उतरवणे

पियानोचा लांब स्वर वाजल्या क्षणापासून विरत जातो, तर हॉर्नचा किंवा बसूनचा लांब स्वर आहे तसाच उभा राहतो. त्यामुळे पियानोच्या कागदावर अर्धा बार टिकणारा स्वर वाऱ्याच्या वाद्याला त्याच लांबीचा दिला, तर तो धुनेत घुसतो. तो थोडा आखूड लिहावा किंवा त्यावर ‘डिमिन्युएंडो’ची, म्हणजे आवाज हळूहळू कमी करण्याची, खूण घालावी. उलट बाजूने, पियानोचे स्वर गुंजत ठेवणाऱ्या पेडलमुळे एकमेकांत मिसळणारे तुटक स्वर वाऱ्याच्या वाद्यांवर कोरडे ठोकळे होतात. तिथे एका वाद्याला त्याच स्वरसंगतीतला एक सूर धरून ठेवायला द्यावा, म्हणजे पेडलचे काम लिहून केलेले होते.

स्लरचे, म्हणजे स्वर जोडून वाजवायच्या कमानीसारख्या खुणेचेही, तसेच आहे. पियानोवादक स्लरकडे ढोबळ सूचना म्हणून पाहतो, परंतु वाऱ्याच्या वाद्यात प्रत्येक स्लरच्या सुरुवातीला जीभ लागते. बारगणिक तुटलेले स्लर तसेच उतरवले, तर लांब वाक्य बारगणिक ठेचाळते.

स्वरपट्टीच्या तळाचा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे. बेथोव्हनच्या त्या काळातल्या पियानोची पट्टी पाच सप्तकांची होती आणि बसूनला तिच्यातले तळाचे फक्त पाच स्वर मिळत नाहीत. असा स्वर आलाच, तर तेवढाच एक उचलून वर टाकू नये, कारण तळाची ओळ मधेच उडी मारते. ते वाक्य जिथून सुरू होते, तिथपासूनच ते सप्तकभर वर घ्यावे.

ट्रान्सपोझिशनमधला आळस

काही वाद्यांचे स्वर कागदावर लिहिलेल्यापेक्षा वेगळे वाजतात, म्हणून ते बदलून लिहावे लागतात; यालाच ट्रान्सपोझिशन म्हणतात. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट, म्हणजे त्या वादकाचा कागद, एक सूर वर आणि हॉर्नचा पार्ट पंचमाने वर लिहायचा असतो, हे संगणक आपोआप करतो आणि म्हणून कोणी तपासत नाही. ‘अडाजिओ’च्या ए-फ्लॅट मेजरमध्ये क्लॅरिनेटला दोन फ्लॅट आणि हॉर्नला तीन येतात, इथवर ठीक आहे. परंतु सदतिसाव्या बारपासून रचना ए-फ्लॅट मायनरमध्ये शिरते आणि थोड्याच वेळात ई मेजरमध्ये पोहोचते. ते ई मेजर क्लॅरिनेटच्या कागदावर सहा शार्पचे एफ-शार्प मेजर होऊन अवतरते, तेही पाच फ्लॅटच्या बी-फ्लॅट मायनरनंतर लगोलग. वादकाने डोळे विस्फारले तर दोष त्याचा नाही. हीच जागा जी-फ्लॅट मेजरमध्ये लिहिली, तर त्याला फ्लॅटच्या घरातून बाहेर यावे लागत नाही. एवढ्या थोड्या बारसाठी ए क्लॅरिनेट उचलायला लावणेही बरे नाही, कारण थंड पडलेले वाद्य सुरात यायला वेळ घेते. संपूर्ण रचनाच शार्पच्या स्केलमध्ये असेल, तर मात्र ए क्लॅरिनेटच योग्य.

संगणकाच्या प्लेबॅकवर विश्वास ठेवणे

नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लूटचा खालचा सी हॉर्नइतकाच स्पष्ट वाजतो, ओबोचा तळाचा बी-फ्लॅट मखमलीसारखा निघतो आणि कोणालाही धाप लागत नाही. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हने वाद्यवृंदाबद्दल घालून दिलेला ठोकताळा असा आहे, की जोरात वाजवताना एक हॉर्न दोन लाकडी वाद्यांच्या बरोबरीचा धरावा. तो ठोकताळा डोळ्यांसमोर ठेवून स्कोअर वाचला, तर प्लेबॅकमध्ये न ऐकू आलेली अर्धी भांडणे कागदावरच दिसतात.

तालमीत काहीतरी बिघडल्याचे जाणवले, की अरेंजर बहुधा धुनेवर ‘फोर्टे’, म्हणजे जोरात, असे लिहितो. त्याऐवजी साथीतल्या एकाला गप्प करून पाहावे. धून बुडत असेल तर दहापैकी आठ वेळा कारण गर्दी हेच असते. एखादी स्वरसंगती आंबट लागत असेल, तर आधी हॉर्न आणि बसून खालच्या पट्टीत एकमेकांपासून तिसऱ्या स्वराच्या अंतरावर अडकले आहेत का ते पाहावे. तिथे अंतर वाढवून पाचव्या किंवा आठव्या स्वराचे केले की आवाज मोकळा होतो. तरीही आंबटपणा राहिला, तर फ्लूट आणि ओबो एकाच स्वरावर जोडलेले आहेत का ते तपासावे. दोन वेगळ्या स्वभावांची वाद्ये एकाच स्वरावर आली, की सुरातला केसभर फरकही उघडा पडतो. गती दर वेळी एकाच जागी मंदावत असेल, तर ती जागा कोणाच्या तरी श्वासाची आहे.

रचना निवडतानाची चूक

काही रचना कितीही कौशल्याने बसवल्या, तरी बसत नाहीत. रीडच्या वाद्यांना जलद पुनरावृत्तीचे स्वर जिभेने तोडणे फ्लूट किंवा हॉर्नइतके सोपे नसते, त्यामुळे एकाच स्वरावर सतत थरथरणारी साथ ओबो किंवा बसूनला दिली, तर ती अर्ध्या पानात दमते. हंगेरियन संगीतकार लिगेतीने आपल्या पियानोवरच्या ११ तुकड्यांच्या मालिकेतून १९५३ साली क्विंटेटसाठी फक्त सहा निवडले. फ्रेंच संगीतकार रावेलने ‘तोंबो द कूपरँ’ या सहा भागांच्या पियानो-संचातले चारच भाग १९१९ साली वाद्यवृंदासाठी घेतले, फ्यूग आणि तोकाता सोडून दिले. स्वतःची रचना असूनही त्यांनी गाळण्याचा अधिकार वापरला, तो अरेंजरने वापरायला संकोचू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतरचनेची अरेंजमेंट हे ‘रूपांतर’ ठरते आणि हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. बेथोव्हनच्या बाबतीत प्रश्नच नाही, पण १९७५ साली निवर्तलेल्या रशियन संगीतकार शोस्ताकोविचची रचना घ्यायची असेल, तर आधी परवानगी घ्यावी लागते.

मुंबई, पुणे किंवा गोव्यात पाचही वादक एकत्र जमवणे सोपे नसते, आणि बहुधा अडते ते बसूनपाशी. म्हणून बसूनची ओळ चेलोच्या कागदावर वेगळी उतरवून ठेवणे शहाणपणाचे आहे, मात्र मूळ स्कोअर चेलो डोळ्यांसमोर ठेवून लिहू नये. पार्ट छापताना लांब विश्रांतीनंतर आत येणाऱ्या वादकाला आधीच्या दोन बारची धून बारीक अक्षरात द्यावी. ‘अडाजिओ’मध्ये नवव्या बारला आत येणाऱ्या ओबोला ती हॉर्नची द्यावी, तीही ओबोच्या कागदाला साजेशा स्वरांत बदलून, हॉर्नच्या ट्रान्सपोझिशनमध्ये नव्हे.