हुक्ड रग गोधडीसारखा धुऊ नका, आणि या बाकीच्या चुकाही टाळा

शेजारच्या आजींनी त्यांच्या आईनं केलेला हुक्ड रग, म्हणजे गोणपाटात आकडीनं लोकरीच्या पट्ट्या ओढून केलेलं जाड अंथरूण, माझ्या हातात ठेवला, तेव्हा मी तो उलटा करून पाहिला आणि मागून पोत्याचा वास आला. लहानपणी वाण्याच्या दुकानात ज्वारीच्या पोत्यांजवळ उभं राहिल्यावर यायचा, तोच वास. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या समुद्रकाठच्या गावात तो वास भेटेल असं कधी वाटलं नव्हतं. रग तीन फूट बाय दोन फूट, मधे लाल गुलाब, भोवती फिकट साय रंगाची जमीन, कडेला काळी पट्टी.

पुढे साताऱ्याहून आई आली. तिच्या हातानं आयुष्यभर गोधड्या शिवलेल्या आणि धुतलेल्या. "अगं, केवढी धूळ आहे यात! टबात भिजव, चांगला तुडव आणि उन्हात टाक." मलाही ते पटलं. दहा मिनिटांत गुलाबाचा लाल रंग भोवतीच्या साय रंगात उतरला. दोघींनी दोन टोकांना धरून रग उचलला, तर भिजलेला पापड तुटावा तसा तो मधोमध सुटला. आवाजसुद्धा झाला नाही. हा लेख मी त्या रगासाठी लिहिते आहे. अशी वस्तू तुमच्या घरात आली, किंवा तुम्ही स्वतः करायला घेतलीत, तर निदान तुमच्या हातून हे होऊ नये.

मुळात चुकलं काय: आम्ही पाठ पाहिलीच नाही

गोधडी आणि हुक्ड रग दोन्ही जुनेर-चिंध्यांतून होतात, म्हणून आपल्याला ती बहिणी-बहिणी वाटतात. बांधणी मात्र पूर्ण वेगळी. गोधडीत धावदोरा सगळ्या थरांतून आरपार जातो आणि कापडाला कापड धरून ठेवतं. रगात शिवण नसते, गाठही नसते. ताणून बसवलेल्या जाळीदार कापडाखाली लोकरीची पट्टी धरायची, वरून आकडीनं तिचा लूप ओढून घ्यायचा, शेजारच्या भोकातून पुढचा. हजारो लूप केवळ विणीच्या चिमटीत अडकून उभे असतात. जाळी गेली की लूपना धरणारं काहीच उरत नाही.

आणि ती जाळी बहुतेक जुन्या रगांत तागाची असते. त्यामागचा इतिहास आपल्याकडूनच सुरू होतो. बंगालचा ताग स्कॉटलंडमधल्या डंडीला जायचा, तिथल्या गिरण्यांत त्याचं गोणपाट व्हायचं. १८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्राला तागाची गिरणी निघाली आणि पुढे हुगळीच्या काठाकाठानं हा धंदा वाढला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर धान्याची, कॉफीची पोती अमेरिकेत आणि कॅनडात घरोघर पोचू लागली. मेन, न्यू हॅम्पशायर, नोव्हा स्कोशिया, न्यूफाउंडलंड इथल्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या बायकांनी ती उसवली, धुतली, चौकटीवर ताणली आणि फाटक्या कोटांच्या पट्ट्या त्यांत ओढल्या. विकतचा गालिचा परवडत नव्हता आणि थंडी कडक होती. न्यूफाउंडलंडमध्ये या गोणपाटाला आजही 'ब्रिन' म्हणतात.

ताग स्वस्त होता, पण दीर्घायुषी नव्हता. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातही असतं ते द्रव्य, भरपूर असतं. उजेड आणि हवा लागून ते पिवळं पडतं, आम्लधर्मी होतं आणि धागा ठिसूळ होतो. वर लोकर ठणठणीत दिसते आणि खाली पाठ भुगा झालेली असते. म्हणून जुना रग हातात आला की आधी तो पांढऱ्या चादरीवर पालथा ठेवा. हलक्या हातानं उचलल्यावर चादरीवर तपकिरी भुकटी दिसली, तर ती निव्वळ धूळ समजू नका. ती बहुधा तुटलेल्या तागाची असते. कोपरा किंचित वाकवल्यावर बारीक करकर ऐकू आली, तर तो रग जमिनीवर टाकू नका, टांगू नका, घडीही करू नका.

झटकणं, बडवणं, धुणं

रग झटकला की कडेचे धागे तुटतात. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश लूप उपसून काढतो. धूळ काढायची तर ब्रश न लावता, ओढ सगळ्यात कमी ठेवून, व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाला जुन्या पातळ मोज्याचं कापड बांधून, आधी मागून आणि मग पुढून धूळ ओढून घ्या. इथल्या बायका थंडीत कोरड्या भुसभुशीत बर्फावर रग पालथा घालून हलकेच थोपटायच्या. रग तरुण आणि धडधाकट असेल तर ते चालतं, म्हाताऱ्या तागाला नाही.

डाग पुसण्याआधी प्रत्येक रंगाची परीक्षा घ्या. पांढऱ्या कापसाचा बोळा जेमतेम ओला करून मागच्या बाजूनं एखाद्या लूपवर मिनिटभर दाबून धरा. बोळ्यावर रंग उतरला तर पाणी विसरायचं. एका घरातल्या रगात पाच घरांचे कपडे असतात, कुणी झाडपाल्यानं रंगवलेले, कुणी पुडीतल्या रंगानं. एक रंग पक्का निघाला म्हणून दुसराही पक्का असेल असं धरू नका. सबंध रग धुवायचाच असेल, तर ते काम वस्त्रसंवर्धन करणाऱ्याचं.

घडी आणि खिळे

आपल्याला कपाटात चौकोनी घडी करायची सवय. रगाची घडी जिथे पडते तिथेच ताग आधी तुटतो. तो गुंडाळायचा, तोही लूप बाहेरच्या अंगाला ठेवून. लूप आत ठेवले तर ते एकमेकांवर दाबले जातात आणि पाठ ताणली जाते. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात जाड पुठ्ठ्याची नळी गुंडाळा, तिच्यावर रग, वरून पुन्हा मांजरपाट. प्लास्टिकची पिशवी नको, ओल आत कोंडते.

भिंतीवर लावताना वरच्या दोन कोपऱ्यांना खिळे ठोकू नका. सगळं वजन दोन ठिकाणी येतं, मधे झोळ पडतो आणि वर्षभरात कोपरे फाटतात. पाठ मजबूत असेल तर वरच्या कडेला सबंध रुंदीभर सुती पट्टी हातानं शिवा, तिच्यावर वेल्क्रोचा मऊ भाग, आणि भिंतीवरच्या लाकडी पट्टीला खरखरीत भाग. वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं. जागा निवडताना थेट ऊन आणि शेगडीची वाफ दोन्ही टाळा.

कसर हा लोकरीचा मोठा शत्रू. डांबराच्या गोळ्या टाकून मोकळं होऊ नका, त्यांचा वास वर्षानुवर्षं जात नाही आणि आत बसलेल्या अळ्याही त्यानं खात्रीनं मरत नाहीत. संशय आला की रग गुंडाळून, हवाबंद पिशवीत, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, म्हणजे पाणी बाहेरच्या अंगाला धरेल, लोकरीवर नाही. तेवढ्या दिवसांत रग वाकवूही नका. इथे प्लास्टिक चालतं, कारण ते तेवढ्या दिवसांपुरतंच असतं.

दुरुस्तीच्या नावाखाली

पाठ सुटायला लागली की लोक मागून रबराचा लेप देतात, किंवा इस्त्रीनं चिकटणारी पट्टी लावतात. या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळून सांगायचं आहे, कारण ती परत फिरवता येत नाही. काही वर्षांत रबर पिवळं पडतं, कडक होतं, त्याचा चुरा होतो आणि जाताना ताग घेऊन जातं. डिंक, फेविकॉल, चिकटपट्टी यांतलं काहीही नको.

लहान भोक असेल आणि रग फार मोलाचा नसेल, तर मागून लिननचा तुकडा लावा. तो भोकापेक्षा चहूबाजूंनी दोन इंच मोठा हवा, म्हणजे त्याची शिवण धडक्या तागात जाईल. मग दोन्ही थरांतून लूप पुन्हा ओढा. सुटून पडलेल्या मूळ पट्ट्या फेकू नका, त्याच वापरा. आमच्या फाटलेल्या रगाच्या पट्ट्या मी काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या. अर्धा गुलाब त्यांतूनच परत उभा राहिला.

विकत घेताना

रगावर साल विणलेलं असलं की आपण तेच त्याचं जन्मसाल धरतो. ते लग्नाचं असू शकतं, मुलाच्या जन्माचं, वडील गेल्याचंही. नक्षीवरूनही साल ठरत नाही. मेनमधल्या बिडेफर्डचा एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट हा दारोदार भांडी विकणारा माणूस. १८६८ च्या सुमारास त्यानं धातूचे साचे कापून गोणपाटावर नक्षी छापायला सुरुवात केली आणि फेरीबरोबर तीही विकू लागला. त्याच्या फुलांचे आणि सिंहांचे नमुने पुढे इतरांनी चालवले, आजही ते कुणी ना कुणी करतंच. म्हणून नक्षी जुनी असली तरी रग जुना असेलच असं नाही. पट्ट्या पाहा. हातानं कात्रीनं कापलेल्या पट्ट्या कमी-जास्त रुंदीच्या असतात. सगळ्या एकसारख्या असतील तर त्या यंत्रातून आल्या असाव्यात, आणि ही यंत्रं विसाव्या शतकातली.

लॅब्राडोर-न्यूफाउंडलंडचे ग्रेनफेल मॅट ओळखायला शिका. डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल १८९२ मध्ये तिथल्या कोळ्यांच्या उपचारांसाठी आले. १९०६ मध्ये जेसी ल्यूथर यांनी तिथे हस्तकलेचं काम हाती घेतलं. पुढे दक्षिणेकडच्या शहरांतल्या बायकांकडून उसवलेले रेशमी मोजे मागवले जायचे, ते रंगवून त्यांचे लूप ओढले जायचे. अस्वलं, कुत्र्यांच्या गाड्या, बर्फाळ किनारे, सगळं आडव्या सरळ ओळींत आणि इतकं दाट की बोट फिरवल्यावर भरतकामासारखं लागतं. मागे कापडी लेबल असतं. 'मळकं दिसतं' म्हणून ते उसवणारी माणसं मी पाहिली आहेत. ते लेबल म्हणजे रगाचा जन्मदाखला, त्याला हात लावू नका.

स्वतः करताना

पहिली चूक पुन्हा पाठीचीच. बागकामाच्या दुकानातलं स्वस्त गोणपाट घेऊन त्यावर सहा महिने काम करणं म्हणजे नातवंडांच्या हाती भुकटी देणं. लिनन घ्या, किंवा रगासाठी मिळणारं जाड सुती जाळीदार कापड, ज्याला इथे मंक्स क्लॉथ म्हणतात. नक्षीभोवती चारही बाजूंनी निदान चार इंच कापड सोडा आणि कडेला आधीच झिगझॅग शिलाई मारा. मी पहिल्या रगाला दीडच इंच सोडलं. कडेच्या ओळी चौकटीवर ताणताच येईनात, उसवून पुन्हा सुरुवात करावी लागली.

लोकर शंभर टक्के आणि विणलेली हवी. शंका असेल तर एक धागा जाळून बघा: जळक्या केसांचा वास आणि बोटात चुरगळणारी राख म्हणजे लोकर, कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. कोट उसवून गरम पाण्यात धुऊन घ्या. वीण जरा घट्ट होते आणि पट्टी सुटत नाही. पट्ट्यांच्या रुंदीचे आकडे इंचाच्या बत्तिसाव्या भागात असतात, म्हणजे ८ नंबर पाव इंच. नवशिक्यानं तिथूनच सुरू करावं, ३ नंबरच्या बारीक पट्ट्या बोटांचा अंत पाहतात.

आईच्या साड्या वापरायचा मोह मलाही झाला. इरकलीचा काठ फार सुंदर येतो, पण सुती आणि रेशमी पट्ट्या दबून जातात, मळही लवकर धरतात. त्या भिंतीवरच्या रगात घाला, अर्धा इंच रुंद कापा. पायाखालच्या रगात नकोत.

आणि दाटी करू नका. प्रत्येक भोकात लूप भरण्याचा हट्ट धरला तर रग चौकटीवरून काढताच पत्रावळीसारखा वळतो. वरून लूप एकमेकांना नुसते टेकावेत, मागून अधूनमधून कापडाचे ठिपके दिसावेत. पट्टीची दोन्ही टोकं वरच्या बाजूला आणून कापायची. मागे एका पट्टीवरून दुसरी कधीच ओलांडून न्यायची नाही, कारण ती फुगलेली पट्टी जमिनीवर घासून सगळ्यात आधी तुटते, आणि ओढली गेली की अख्खी ओळ घेऊन जाते.

काम संपलं की पाठीवर सुती पट्टी शिवा आणि तिच्यावर लिहा: कुणी केला, कुठे, कोणत्या साली, आणि कापड कुणाकुणाचं. शेजारच्या आजींच्या रगावर काहीच लिहिलेलं नव्हतं. काळी पट्टी त्यांच्या वडिलांच्या बोटीवरच्या कोटाची होती, हे मला त्यांच्या तोंडून कळलं, म्हणून आता ते त्या रगाच्या मागे लिहिलेलं आहे. लिहिण्याआधी पेनाची शाई कापडाच्या तुकड्यावर लावून, वाळवून, पाण्याखाली धरून बघा. पसरली तर ते पेन नको, काळ्या दोऱ्यानं अक्षरं शिवा.