होबी अॅडव्हेंचर आयलंड: सुधारायची की बदलायची?

ही एका माणसाची, शीड आणि पेडल दोन्हींवर चालणारी प्लॅस्टिकची होडी. शीड, सुकाणू, पेडल यांचा विचार नंतर. निकाल हलवर, म्हणजे होडीच्या मुख्य धडावर लागतो.

डोलकाठी काढा, तिची खोबण काठोकाठ पाण्यानं भरा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर खोबणीच्या तळाला चीर आहे आणि पाणी हलमध्ये झिरपतंय. शीड गुंडाळताना डोलकाठी फिरते. बुडाशी वाळू असेल तर ती तळ घासत राहते. चीर छोटी असेल तर पॉलिएथिलिनचीच कांडी वापरून प्लॅस्टिक वेल्डिंग करून घ्या. इपॉक्सी आणि फायबरग्लासच्या नादी लागू नका, या प्लॅस्टिकला ते नीट धरतच नाही.

आता उन्हाचा मार बघा. रंग उडणं चालतं. पण सीटजवळ आणि उलांडीचे (बाजूला तोल सांभाळणाऱ्या तरंगत्या भागाचे) दांडे बसतात तिथे केसासारख्या बारीक चिरांचं जाळं दिसलं, तर प्लॅस्टिक ठिसूळ झालंय. असं हल वेल्ड केलं तरी शेजारीच पुन्हा तडकतं. ही होडी बदला. शीड आणि पेडल सुटे विका.

हल धडधाकट असेल तर खर्च करा: आधी सुकाणूच्या दोऱ्या, मग शीड. पेडलचे मोठे टर्बो फिन (पाण्याखाली हलणारे पंख) वेग देतात, पण गुडघे दुखत असतील तर जुनेच बरे. उलांडीच्या दांड्याची शिअर पिन तुटते ती तुटण्यासाठीच असते; तिथे स्टीलचा बोल्ट घातलात तर पुढच्या धक्क्याला दांडा किंवा हल जाईल.

दुसरा माणूस न्यायचा असेल तर सुधारणेचा खर्च वाया. त्यासाठी होबीची दोघांची होडी, टँडम आयलंडच घ्या: साडेअठरा फूट, शीड 90 चौरस फूट.