नाशिकची सोव्हिन्यॉं ब्लां कशी प्यायची

पहिलं म्हणजे बाटलीवरची तारीख बघा, ही त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन, मुरवायची नसते, एक-दोन वर्षांत संपवायची. फ्रिजमध्ये दोनेक तास ठेवा, ८ ते १० डिग्री पुरे, बर्फ मात्र टाकू नका राव, पाणचट होते! ग्लास एक तृतीयांशच भरा, जरा फिरवा आणि आधी वास घ्या... कच्चा पेरू, लिंबाची साल, ढोबळी मिरची असं काहीतरी येतं. ड्राय म्हणजे साखर जवळपास नाहीच, त्यामुळे पहिल्या घोटाला आंबट लागली तर बाटली खराब आहे असं समजू नका, तो आंबटपणाच तिची मजा आहे.

हा आंबटपणा टिकतो कसा? नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, दिंडोरी-गंगापूरकडे हिवाळ्यात रात्री मस्त गार, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (वेल पार मागे छाटायची), पावसाळा सरता सरता फळछाटणी (घड धरायला), म्हणून द्राक्षं या गारव्यातच पिकतात आणि आंबटपणा राहतो; तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, फ्रान्समध्ये मात्र ऑगस्ट-सप्टेंबरकडे. नाशिकच्याच सुला या वाईन कंपनीची पहिली वाईन २००० साली आली, त्यात हीच होती.

सोबत कोथिंबीर वडी किंवा तळलेलं पापलेट. झणझणीत मिसळ नको, जीभ बधिर झाली की चव कसली कळणार?