लाकडी पाटीवरची कोरीव अक्षरं रंगवायची कशी

घराची पाटी कोरून झाली की लोक पहिलं विचारतात, ब्रश कितवा घेऊ? घ्या हो कुठलाही, दोन नंबरचा साधा गोल ब्रश पुरतो. कारण अक्षराच्या कडेपर्यंत हात न हलवता रंग न्यायचाच नाहीये. रंग बाहेर सांडू द्यायचा आणि वाळला की वरून घासून काढायचा, सगळी सफाई तिथे येते. फक्त त्याच्या आधी लाकूड सील केलेलं, म्हणजे त्याची छिद्रं बुजवलेली पाहिजेत, आणि नेमकं तेच सगळे विसरतात. मीपण विसरलो होतो.

माझी पहिली पाटी ‘सावली’ नावाची, मामेभावाच्या घरासाठी, सागवानाची. कोरून झाल्या झाल्या उत्साहात पांढरा ऑइलपेंट भरला. दुसऱ्या दिवशी घासायला घेतलं तर प्रत्येक अक्षराला बारीक पांढरे केस फुटलेले! सागाची छिद्रं उघडी असतात, पातळ रंग त्यातून रेषेरेषेने आत पळतो, आणि मग कितीही घासा, जात नाही. शेवटी रंध्याने वरचा थर काढला तर अक्षरंच बारीक झाली.

ते बारीक होणं पण समजून घ्या, कारण पुढे घासताना उपयोगी पडतं. अक्षर व्ही आकारात कोरलेलं असेल तर वरून जेवढं लाकूड जाईल तेवढी रेघ अरुंद होते. ९० अंशाच्या व्ही बिटने (कोरायच्या मशीनचं टोकदार पातं) कोरलेलं असेल तर अर्धा मिलिमीटर घासलात की रेघेची जाडी १ मिलिमीटरने कमी. जाड काना तरून जातो, पण वेलांटीचं टोक, र्‍हस्व उकाराची शेपटी, व्ही बिटने टोचलेला अनुस्वार, हे पहिले जातात. म्हणून पाटी कोरायच्या आधीच १२०, मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर मोठा तितका पेपर बारीक) गुळगुळीत करून ठेवायची, म्हणजे नंतर फक्त रंग निघण्यापुरतंच घासावं लागतं. राउटरने (कोरायचं मशीन) अक्षरं सपाट तळाची कोरलेली असतील तर ही भानगड नाही.

आता कामाला लागू. कोरताना उठलेले तुसे दुमडलेल्या पॉलिश पेपरच्या कडेने काढा, दात घासायच्या जुन्या ब्रशने धूळ झटका. साग तेलकट असतो, त्यामुळे थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने एकदा पुसून घ्या आणि वाळू द्या. मग सँडिंग सीलर (छिद्रं बुजवणारा पातळ थर) किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, पातळ करून दोन हात (थर), वरच्या पृष्ठभागावर आणि अक्षरांच्या आत, दोन्हीकडे. आतमध्ये जास्तच, कारण तिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात आणि कापलेली टोकं स्ट्रॉसारखा रंग ओढतात. देवनागरीत हे उभ्या कान्यांच्या कडांना जास्त जाणवतं, शिरोरेषा लाकडाच्या रेषेबरोबरच जाते म्हणून ती कमी त्रास देते. (बाहेर लावायची पाटी असेल आणि वर पीयू (पॉलियुरेथेन, पारदर्शक कोट) मारायचं ठरलं असेल तर चपड्याच्या नादी लागू नका, त्यात मेण असतं, पीयू नीट धरत नाही. पीयूचाच सीलर घ्या.)

सीलर पूर्ण वाळला की रंग. एकदम जाड भरू नका. व्हीच्या तळाशी रंग साचला की वर साय येते, आत ओलंच राहतं आणि नंतर सुरकुती पडते. दोन-तीन पातळ हात द्या, ऑइलपेंट असेल तर प्रत्येक हाताला एक दिवस, आणि शेवटच्या हातानंतर दोन-तीन दिवस पाटीला हातच लावू नका. ॲक्रिलिक लवकर वाळतो, घाई असेल तर तोच घ्या. सागासारख्या गडद लाकडावर पांढरा किंवा फिकट पिवळा, पाइनसारख्या फिकटावर काळा किंवा गडद निळा. सोनेरी सगळ्यांनाच हवा असतो, पण बाजारातली सोनेरी पावडर पितळेची असते, उन्हापावसात काळवंडते. खरा सोन्याचा वर्ख टिकतो, पण तो खिशाला बघून.

घासताना पॉलिश पेपर बोटांनी धरायचा नाही, बोटं अक्षरात दबतात आणि कडा गोल होतात. सपाट ठोकळ्याला गुंडाळा, १८० ने सुरू करून २२० आणि ३२० वर या, कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने. अक्षर स्वच्छ दिसलं की तिथेच थांबा. ठोकळा चिकट लागायला लागला, पेपरवर रंगाचे गोळे दिसले, तर समजा रंग कच्चा आहे, अजून एक दिवस थांबा. नंतर अक्षरातली धूळ मऊ ब्रशने काढा, नाहीतर पांढऱ्यात तपकिरी भुकटी बसते आणि पाटी पहिल्याच दिवशी जुनी वाटते.

वरच्या क्लिअर कोटला, म्हणजे शेवटच्या पारदर्शक थराला, बरेच जण फसतात. आत ऑइलपेंट आणि वर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं तर त्यातला थिनर खालचा रंग उचलतो, डोळ्यांदेखत सुरकुत्या. ऑइलपेंटवर टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारं वॉर्निशच बरं. काहीही मारायच्या आधी टाकाऊ तुकड्यावर तेच रंग, तोच कोट करून बघा. मेलामाइन, हेही एक पारदर्शक पॉलिश, घरातल्या पाटीला ठीक, बाहेर उन्हाला नको. आणि पावसाळ्यात लॅकर मारायला बसू नका, हवेतली ओल धरून वर पांढरट धुकं येतं, कोरडा दिवस बघा.

मागच्या बाजूलाही एक हात द्याच, नाहीतर ती बाजू ओल पिते आणि पाटी वाकते. लावताना पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू घ्या, साध्या लोखंडी स्क्रूभोवती पाऊस लागला की सागावर काळे ओघळ येतात आणि ते बरोबर आडनावावरून खाली येतात.