पार्सल तयार होतं, परवानगी नव्हती

परदेशी विद्यापीठाच्या साथीने, सरकारी पैशातून संशोधन करायचं ठरवलेल्या मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. जॉइंट कॉल (दोन देशांनी मिळून मागवलेले अर्ज) कसा चालतो, पीआय (प्रकल्पाचा मुख्य संशोधक) काय करतो, यूसी (पैसे कसे खर्च केले याचा दाखला) कधी भरायची, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. नसेल ठाऊक तर विभागातल्या एखाद्या सीनियरला विचारा, अर्ध्या तासात कळेल. मला जे कळायला जवळजवळ दोन वर्षं लागली आणि ज्यापायी एका विद्यार्थिनीचं वर्ष गेलं, ते सांगायचं आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. वडील गेवराई तालुक्यात शेती करतात, कापूस आणि तूर. माझा विषय तुरीचा मर रोग. फ्युजॅरियम उडम नावाची बुरशी जमिनीत राहते, मुळातून आत शिरते, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते आणि फुलोऱ्यात आलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. खोड चिरलं की आत काळपट पट्टा दिसतो. लहानपणी वडिलांनी तो पट्टा दाखवला होता, त्याचं नाव मला एमएस्सीला कळलं. आपल्याकडे बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेचा आशा असे वाण आहेत, पण एका शिवारात तगणारा वाण दुसरीकडे मान टाकतो. बुरशीचे प्रकार वेगवेगळे असतात हे एक कारण. ते प्रकार जनुकांच्या पातळीवर वेगळे करायचे, एवढं माझं काम.

जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेचं याच बुरशीच्या भाऊबंदांवर मोठं काम होतं. दोन्ही सरकारांच्या संयुक्त योजनेत आम्ही अर्ज केला. दोन वर्षांचा प्रकल्प, जाण्यायेण्याचा आणि तिथे राहण्याचा खर्च. २०१७ च्या शेवटी मंजुरीचं पत्र आलं तेव्हा प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

पैशाचं आधी थोडक्यात सांगते, कारण तिथे बहुतेकांची समजूत चुकीची असते. ‘परदेशी प्रकल्प’ म्हटलं की गावाकडे वाटतं, युरो येणार. येत नाहीत. सरकारी पैशाच्या सहकार्यात साधारणपणे प्रत्येक देश आपापल्या माणसांचा आणि कामाचा खर्च करतो. सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या हिंगोलीत आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा, उभी राहतेय. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः होकार दिला, मार्चच्या शेवटी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनबरोबर करार झाला, आणि २,६०० कोटींची अंतिम मंजुरी आली ती एप्रिल २०२३ मध्ये. डिटेक्टरचे महत्त्वाचे भाग अमेरिकेकडून वस्तुरूपाने, जागा-इमारत-चार चार किलोमीटरच्या निर्वात नळ्या भारताच्या पैशातून. जिथे दोन देशांचा शब्द गुंतलाय तिथेही करार आणि पैसा यांच्यात सात वर्षं गेली. तुमच्या प्रकल्पाला आठ महिने लागले तर रडत बसू नका.

संशोधनाला पैसे देणाऱ्या युरोपीय संघाच्या होरायझन योजनेचंही तसंच. २०२१ ते २०२७ चा हा कार्यक्रम ९५ अब्ज युरोंच्या आसपासचा, आकडा वाचून डोळे फिरतात. भारतीय संस्था त्यात भागीदार होऊ शकते, पण ब्राझील आणि चीनप्रमाणे भारतालाही त्यातून आपोआप पैसे मिळत नाहीत. त्या कॉलला आपल्या सरकारची जोड आहे का, हे आधी बघावं लागतं. वैयक्तिक फेलोशिपचं वेगळं आहे. मेरी क्युरी पोस्टडॉकला (युरोपची पीएचडीनंतरची फेलोशिप) कोणत्याही देशाचा माणूस अर्ज करू शकतो, पीएचडी झाली असेल तर तो जरूर करा. आणि तुमचं कॉलेज ट्रस्टचं असेल आणि खरोखरच बाहेरून पैसे येणार असतील, तर संस्थेची एफसीआरए नोंदणी (परदेशी पैसा घेण्यासाठी लागणारी) आहे का हे आजच ऑफिसात विचारा. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावा लागतो. आमच्या संस्थेच्या हेडक्लार्कना हे ऐकून घाम फुटला होता.

आता मी जिथे अडकले ते.

पहिल्या खरिपात आम्ही बदनापूर, गेवराई, केज, परळी, पालम अशा शिवारांतून वाळलेली झाडं गोळा केली. मी आणि माझी विद्यार्थिनी एसटीने फिरलो, पिशव्यांवर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, वाण, पेरणीची तारीख. ५८ शुद्ध संवर्धनं (दुसरं काही न मिसळता वाढवलेली बुरशी) मिळाली. ठरलं होतं की निवडक २४ जर्मनीला पाठवायची, तिथे त्यांचं पूर्ण जीनोम वाचन (सगळ्या डीएनएचा क्रम वाचणं) होणार. स्लँट (बुरशी वाढवलेल्या काचेच्या नळ्या) तयार केले, कापूस घालून डबा बांधला, कुरिअरवाल्याला छत्रपती संभाजीनगरहून (तेव्हाच्या औरंगाबादहून) बोलावलं. आदल्या संध्याकाळी जर्मनीहून मेल आली: भारताच्या परवानगीचा पुरावा जोडून पाठवा, त्याशिवाय आम्हाला नमुने घेता येणार नाहीत.

मी मंजुरीचं पत्र पाठवलं. त्यांनी नम्रपणे लिहिलं, हे पैशाच्या मंजुरीचं पत्र आहे.

मग मी विद्यापीठांमधला सामंजस्य करार पाठवला. सह्या, शिक्के, मागे दोन्ही झेंडे असलेला फोटो. त्यांचं उत्तर आलं, यात नमुन्यांचा उल्लेख नाही.

तेव्हा मी पहिल्यांदा जैवविविधता कायदा, २००२ उघडून नीट वाचला. पीएचडी झालेली, बुरशीवर दहा वर्षं काम केलेली मी, आणि कायदा पहिल्यांदा वाचतेय. सावकाश सांगते, दोनदा वाचा.

कायद्यात ‘जैविक संसाधन’ म्हणजे वनस्पती आणि प्राणी तर आलेच, सूक्ष्मजीवही आले, त्यांचे भाग आले आणि आनुवंशिक द्रव्यही आलं. म्हणजे बुरशीचा स्लँट आला आणि तिचा डीएनए असलेली छोटी नळीसुद्धा आली. मानवी आनुवंशिक द्रव्य तेवढं बाहेर. कलम ३ सांगतं की परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला भारतातलं जैविक संसाधन संशोधनासाठी घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी हवी. इथे एक गोष्ट बारकाईने बघा. नमुना देशाबाहेर गेला तरच हे लागू होतं असं नाही. तिकडचा विद्यार्थी इकडे येऊन तुमच्याच प्रयोगशाळेत त्या नमुन्यावर काम करणार असेल, तरी ‘घेणं’ होतं. कलम ४ संशोधनाच्या निष्कर्षांबद्दल आहे. ते परदेशी व्यक्तीकडे द्यायचे तर मंजुरी हवी, पैसे घेतले असोत वा नसोत. केंद्राच्या सूचनांनुसार पेपर छापणं किंवा परिषदेत मांडणं यात मोडत नाही. पण तुम्ही तिकडच्या मित्राला रात्री अकरा वाजता कच्चे निष्कर्ष मेल करता, तो पेपर नव्हे.

आणि मग कलम ५, ज्याच्या भरवशावर सगळे असतात. संस्था-संस्थांमधल्या सहयोगी संशोधन प्रकल्पांना ३ आणि ४ लागू नाहीत, असं ते म्हणतं. माझे एक वरिष्ठ हेच एक वाक्य पाठ म्हणायचे, “अगं, सहयोगी प्रकल्पाला सूट आहे.” सूट आहे, पण दोन अटींवर. प्रकल्प केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत बसला पाहिजे, त्या २००६ साली निघाल्या. आणि त्याला केंद्र सरकारची मान्यता हवी. दोन कुलगुरूंनी सह्या केलेला करार म्हणजे केंद्र सरकारची मान्यता नव्हे.

माझ्या बाबतीत तर प्रकल्प केंद्राच्याच विभागाने मंजूर केला होता. तरी मी का अडकले? कारण माझ्या अर्जात नमुने पाठवण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. माणसांची देवाणघेवाण लिहिली होती, कार्यशाळा लिहिली होती, ‘संयुक्त विश्लेषण’ असा एक गोल शब्द होता. बुरशी, किती नमुने, कुठून कुठे, कशासाठी, काम झाल्यावर नष्ट करणार की परत पाठवणार, काहीच नाही. ज्या गोष्टीचा उल्लेखच नाही, तिला मान्यता मिळाली असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आणि ते मी विसरले नव्हते. पहिल्या मसुद्यात अर्धं पान लिहिलं होतं. त्याच वरिष्ठांनी लाल पेनाने काट मारली. म्हणाले, “जास्त लिहू नका, समिती प्रश्न विचारते.” मी खोडलं. ती माझी सही होती, जबाबदारी माझी. पण एवढं स्पष्ट सांगते, ‘कमी लिहा म्हणजे लवकर सुटतं’ असं सांगणारा गाईड मंजुरीपर्यंतच तुमच्याबरोबर असतो. पुढे फाईल घेऊन तुम्ही एकट्या फिरता.

तिकडची बाजूही समजून घ्या, म्हणजे समोरचा अडवणूक करतोय असं वाटणार नाही. मला आठवडाभर तसंच वाटत होतं. २०१० मध्ये नागोया करार (दुसऱ्या देशाचं आनुवंशिक द्रव्य वापरताना त्या देशाची परवानगी आणि फायद्यातला वाटा याबद्दलचा) झाला, भारताने तो २०१२ मध्ये स्वीकारला, ऑक्टोबर २०१४ पासून तो लागू आहे. त्याच्या आधाराने युरोपीय संघाने ५११/२०१४ हा नियम केला. सार्वजनिक पैशावर काम करणाऱ्या संशोधकाला तिकडे जाहीर करावं लागतं की मूळ देशाचे कायदे पाळूनच हे आनुवंशिक द्रव्य घेतलंय. ती जर्मन बाई स्वतःची नोकरी आणि आपल्या देशाचा हक्क, दोन्ही सांभाळत होती. हळदीच्या पेटंटचं प्रकरण आपण वर्गात शिकवतो, त्याच हक्कासाठी हा कायदा आहे. आपल्याला अडचण झाली म्हणून त्याला शिव्या देणाऱ्या प्राध्यापकांशी माझं पटत नाही.

मातीचं आणखी वेगळं. युरोपात बाहेरची माती आणायला मुळातच बंदी आहे, संशोधनासाठी तिकडच्या प्रयोगशाळेला स्वतंत्र परवाना काढावा लागतो. हे मी घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, “मूठभर मातीला परवानगी लागती व्हय? हितं तर दर पावसाळ्यात शेतच्या शेत वाहून चाललंय.” त्यांना उत्तर देता आलं नाही.

या काळात मला दोन जवळचे रस्ते सुचवले गेले. एक, स्लँट सामानात टाकून विमानाने न्यायचे, ‘कोण बघतंय’. दुसरा, डीएनए कागदावर वाळवून पाकिटात घालायचा. नाही. कोणी कितीही मोठा माणूस म्हणाला तरी नाही. तेव्हा या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या दुरुस्तीने कैद गेली, दंड मात्र १ लाखापासून ५० लाखांपर्यंत आहे. दंडाचं सोडा, तसल्या नमुन्यावरचा पेपर चांगल्या जर्नलला देताना परवानगी क्रमांक विचारला तर काय लिहाल? तुमच्या नावाबरोबर तुमच्या विद्यार्थ्याचं नाव त्या पेपरवर असतं.

मी सुधारित प्रस्ताव पाठवला. फाईल फिरली, शंका आल्या, उत्तरं दिली, पुन्हा शंका आल्या. अकरा महिने. तोवर दुसऱ्या वर्षाच्या भेटीची मुदत संपली आणि प्रकल्प बंद झाला. माझी विद्यार्थिनी जर्मनीला जाण्यासाठी पासपोर्ट काढून बसली होती, त्यांच्या घरातला पहिला पासपोर्ट. ती मला एक शब्द बोलली नाही. ते जास्त लागलं.

पण सगळं वाया गेलं असं समजू नका, आणि हे वाचून अर्जच करायचा नाही असं तर अजिबात ठरवू नका. जीनोम वाचन आम्ही हैदराबादला करून घेतलं, नमुने कमी केले, बाराच केले. विश्लेषण इथेच शिकलो, त्यात सहा महिने गेले, पण आता ते आमच्या विभागात येतं. संवर्धनं उत्तर प्रदेशात मऊला, शेतीतल्या सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय ब्यूरोत जमा करायला पाठवली. पेपर आला. त्या विद्यार्थिनीची पीएचडी झाली, ती आज परभणीत नोकरी करते. आणि ती जर्मन प्रयोगशाळा अजून आमच्याबरोबर आहे, कारण आम्ही पाकीट पाठवलं नाही.

इंग्रजीची भीती मुलं फार बोलून दाखवतात, तिच्यात मला तथ्य वाटत नाही. माझं इंग्रजी अंबाजोगाईचं आहे, दोन बैठकांत त्यांना सवय झाली. ‘आपलं छोटं कॉलेज, आपल्याला कोण विचारतं’ हेही सोडा. मर रोगाची शेतं आपल्या दारात आहेत, त्यांच्या दारात नाहीत. वेळ द्यायचाच तर कागदाला द्या. भागीदाराला पहिल्या मेलमध्येच विचारा की तुमच्याकडे नमुना घ्यायला कोणकोणते पुरावे लागतात. कॉलचं पत्रक वाचताना खर्चाच्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहा, हे कोणतं सरकार देणार. दोन्ही देशांत वेगळा अर्ज करायचा असेल तर शीर्षक, पीआयची नावं, महिने अक्षरशः जुळवा. एकाच बाजूने अर्ज आला तर तो बघितलाही जात नाही. आणि चेन्नईच्या प्राधिकरणाला शंका असेल तर लिहा, फोन करा. मी घाबरत केला होता, पलीकडच्या माणसाने वीस मिनिटं समजावून सांगितलं.

यंदा पुन्हा अर्ज केलाय, त्याच प्रयोगशाळेबरोबर. यावेळी तिसऱ्या पानावर फक्त तक्ता आहे: बुरशीचं नाव, गाव, नमुन्यांची संख्या, प्रत्येकी किती, कशात पाठवणार, तिकडे कोण हाताळणार, काम झाल्यावर काय करणार, निष्कर्षांवर हक्क कोणाचा. कोणी काट मारू नये म्हणून तो मी शेवटच्या दिवशी दाखवला. ज्यांना बघायचा असेल त्यांनी शनिवारी दुपारनंतर विभागात या, झेरॉक्स काढून देईन.